तज्ज्ञाच्या डोक्यातला पंप कोर्समध्ये उतरवणारी सेवा : पैसे कुठे वसूल झाले, कुठे नाही

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. अनुभवी माणसांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या ज्ञानाचा ऑनलाइन कोर्स बनवून देणारी एक सेवा आम्ही घेतली. तिला पाचांपैकी साडेतीन तारे. मुलाखती आणि प्रसंगांची बांधणी यांना पैकीच्या पैकी, निवेदनाला दोन, आणि शेवटी काम ताब्यात देण्याच्या पद्धतीला जेमतेम दीड. सेवा पुरवणाऱ्यांचं नाव देत नाहीये. कौतुक आणि तक्रार एकमेकांत इतकी गुंतलीय, की एका प्रकल्पावरून कुणाच्या नावावर शिक्का मारणं मला बरं वाटत नाही. शिवाय अशा सेवा देणारे बरेच आहेत. त्यांतला कुणीही निवडलात तरी काय बघायचं, ते कळलं तर जास्त उपयोग होईल.

मी सेंट्रिफ्यूगल पंपांच्या (फिरत्या चाकाने द्रव ढकलणाऱ्या) देखभालीत आयुष्य घातलेली बाई. अलाइनमेंट (मोटर आणि पंपाचे दांडे एका रेषेत आणणं), मेकॅनिकल सील (फिरत्या दांड्याजवळची गळती थांबवणारा भाग), बेअरिंग, कंपनं, हाच माझा प्रांत. आमच्याकडची अनुभवी मंडळी एकामागून एक निवृत्त होताहेत. नवी मुलं हुशार आहेत, पण पंपाशेजारी उभं राहून ऐकण्याची त्यांना सवय नाही. म्हणून ठरलं, की जुन्यांकडचं ज्ञान ऑनलाइन कोर्समध्ये आणायचं. वर्गात शिकवायला मी होतेच, पण माझीही निवृत्ती फार लांब नाही.

या लोकांच्या आधी आणखी एकांशी बोलणं झालं होतं. त्यांनी माझ्या जुन्या स्लाइड्स मागवल्या, चांगल्या दोनशेच्या आसपास, आणि त्या एआयला खाऊ घालून आठवड्याभरात कोर्स करून देतो म्हणाले. नमुनाही दाखवला. दिसायला झकास. रंगीत चित्रं, फिरणारा इम्पेलर (पंपातलं पात्यांचं चाक), आणि शेवटी प्रश्न : कॅव्हिटेशन म्हणजे काय? चार पर्याय, चौथा अर्थातच ‘वरील सर्व’. व्याख्या पाठ करून पंप दुरुस्त होत असते तर मला कुणी नोकरीवर ठेवलंच नसतं. एआयवर माझा राग नाही, चित्रांच्या खालच्या ओळी लिहायला तो उत्तम. पण स्लाइडवर जे नाहीच, ते त्यातून येणार कुठून?

ज्यांना काम दिलं त्यांनी पहिल्याच बैठकीत स्लाइड्सचा गठ्ठा बाजूला ठेवला. मुलाखत घ्यायला आलेली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. वही उघडून म्हणाली, “मॅडम, असा एखादा पंप सांगा, जो बाकीच्यांना कळला नाही आणि तुम्हाला कळला.”

मी एक सांगितला. आवाज करत होता, दोनदा बेअरिंग बदलून झालं होतं, तरी आवाज तोच. मी गेले, ऐकलं, कळलं.

“काय ऐकलंत?”

“पोटात खडी फिरतेय असा आवाज.”

“मग?”

“डिस्चार्जची, म्हणजे पाणी बाहेर पडण्याच्या बाजूची, झडप थोडी आवळली.”

“का?”

आता हे ‘का’ सांगायला मला दोन कप चहा लागला. कॅव्हिटेशन होतं तेव्हा पंपाच्या तोंडाशी द्रवाचा दाब त्याच्या बाष्पदाबाखाली, म्हणजे ज्या दाबाला तो उकळायला लागतो त्याखाली, गेलेला असतो. बुडबुडे तयार होतात, इम्पेलरमध्ये पुढे जास्त दाबाच्या जागी जाऊन फुटतात, आणि फुटताना धातू ओरबाडतात. पंपाला तोंडाशी किती दाब हवा हे प्रवाहावर अवलंबून असतं. प्रवाह जास्त तर गरज जास्त. डिस्चार्जची झडप थोडी आवळली की प्रवाह कमी होतो, गरज उतरते, आणि कॅव्हिटेशन असेल तर आवाज मंदावतो. उलट वाढला, तर दुसरीच शंका घ्यायची : पंप आधीच फार कमी प्रवाहावर चाललाय आणि इम्पेलरच्या तोंडाशीच पाणी उलटं घुमतंय. म्हणजे झडपेला अर्धा फेरा देऊन मी पंपाला प्रश्न विचारत होते.

मुलीने सगळं लिहून घेतलं आणि म्हणाली, “झडपेकडे जाताना तुम्ही आणखी कशाकडे बघितलंत?”

सक्शनच्या, म्हणजे पंपात पाणी शिरण्याच्या बाजूच्या, दाबाच्या गेजकडे. काटा रोजच्यापेक्षा खाली होता. म्हणजे गाळणी तुंबलेली असणार. झडप आवळण्याआधीच अर्धा निकाल लागलेला होता, आणि हा काटा माझ्या त्या दोनशे स्लाइड्सपैकी एकीवरही नव्हता. नवखा माणूस अशा वेळी काय करेल, हेही तिनेच विचारलं. सक्शनची झडप फिरवेल, म्हटलं. जवळ असते, आणि गडबड तिकडेच आहे असं कुणीतरी सांगितलेलं असतं. ती आवळली की तोंडाशी दाब आणखी पडतो आणि आजार वाढतो.

अशा चौकशीला शास्त्र आहे हे मला नंतर समजलं. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अग्निशमन दलाच्या प्रमुखांचा अभ्यास करताना ही रीत बसवली. आगीसमोर उभं राहून हे लोक क्षणात निर्णय कसे घेतात, हा त्यांचा प्रश्न होता. १९८९ साली त्यांनी ती ‘क्रिटिकल डिसिजन मेथड’ या नावाने मांडली. ‘तुम्ही हे काम कसं करता?’ असं विचारायचं नाही, एक घडलेला अवघड प्रसंग घ्यायचा आणि त्यात पुन:पुन्हा मागे जायचं. काय दिसलं, काय खटकलं, दुसरा कोणता मार्ग मनात आला होता, नवखा कुठे अडकला असता. रिचर्ड क्लार्क यांच्यासारख्या संशोधकांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलंय, की तज्ज्ञाला नुसत्या पायऱ्या सांगायला लावल्या तर तो त्यांतल्या बऱ्याचशा गाळतो. लपवतो म्हणून नव्हे. सवयीने हात चालायला लागले की पायरी ही पायरी वाटेनाशी होते.

माझंच बघा. सॉफ्ट फूट, म्हणजे मोटरचा एखादा पाय पायाभरणीवर नीट न टेकणं, कसं तपासायचं याचं चित्रण चालू होतं. काम सोपं. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) लावायचं, एकेक बोल्ट सैल करायचा, काटा बघायचा, साधारण ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर त्या पायाखाली शिम (पातळ पत्रा) घालायची, बोल्ट पुन्हा आवळून पुढच्या पायाकडे जायचं. मी बोलत होते, कॅमेरा माझ्या हातांवर होता. मध्येच तिने थांबवलं. “मॅडम, गेज लावल्यावर तुम्ही दर वेळी त्याच्या दांडीला बोटाने टिचकी मारता. का?”

काटा हलून परत शून्यावर येतो का, हे बघायला. नाही आला तर स्टँड कुठेतरी ढिला आहे आणि पुढची सगळी मापं कचऱ्यात. ही टिचकी कुठल्या मॅन्युअलात मी तरी वाचलेली नाही. आता ती कोर्समध्ये आहे, जवळून घेतलेल्या दृश्यात, आणि नवीन मुलं ती मारताना दिसतात. एवढ्या एका टिचकीसाठीसुद्धा मी यांना पुन्हा बोलावेन.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, जी मला सुचली नसती. माझ्यासोबत त्यांनी अशा दोन पोरांच्याही मुलाखती घेतल्या, ज्यांना हे काम नुकतंच जमायला लागलंय. तज्ज्ञाला आपण पूर्वी कुठे चुकायचो ते आठवत नाही, यांना ताजं आठवतं. कोर्समधल्या प्रश्नांचे चुकीचे पर्याय सगळे या पोरांच्या तोंडचे आहेत. म्हणून ते खरे वाटतात. माझ्या जुन्या परीक्षेत चुकीचे पर्याय इतके बावळट असायचे, की पंप न बघितलेला माणूसही पास झाला असता.

मग आली कात्री. प्रत्येक स्लाइडला एकच प्रश्न : हे माहीत नसलं तर माणूस कामात काय चुकेल? उत्तर आलं नाही की स्लाइड बाहेर. कॅथी मूर यांनी २००८ च्या सुमारास मांडलेल्या ‘अॅक्शन मॅपिंग’ची ही पद्धत. आधी माणसाने काय करायला हवं ते ठरवायचं, माहिती मागाहून आणि लागेल तेवढीच. पंपांचा इतिहास गेला, प्रकारांचा तक्ता गेला, माझं लाडकं समीकरणही गेलं. त्या समीकरणासाठी मी भांडले. शेवटी ते ‘हवं तर उघडा’ अशा एका खिशात ठेवायचं ठरलं. अजून मला वाटतं, ते दर्शनी भागात हवं होतं. असो.

उरलं ते प्रसंगांच्या रूपात मांडलंय, आणि इथे त्यांचा हात खरंच चांगला आहे. पडद्यावर पंप चालू आहे, आवाज येतोय, तीन गेज आहेत. कशाकडे बघायचं ते तुम्ही ठरवायचं. सक्शनची झडप आवळलीत तर ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ असा लाल फलक येत नाही. आवाज वाढतो, थोड्या वेळाने सील गळायला लागतं, आणि पुढचा प्रश्न त्या गळणाऱ्या सीलवरच असतो. चुकीचं फळ चुकीतच दिसतं. अनुभवी माणसाला सुरुवातीलाच एक कठीण प्रसंग दिलाय, तो सोडवला तर मूलभूत भाग वगळता येतो. हे फक्त वेळ वाचवायला नाही. स्लावा काल्युगा, जॉन स्वेलर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली एकत्र मांडलेला निष्कर्ष असा, की नवख्याला आधार देणारं तपशीलवार मार्गदर्शन जाणत्याच्या डोक्यावर उलट ओझं होऊन बसतं. आमच्या जुन्या फिटरांनी हे एका वाक्यात सांगितलं असतं, पण ते वाक्य इथे लिहिण्यासारखं नाही.

कोर्स संपल्यावर काही दिवसांनी आणि मग काही आठवड्यांनी छोटे प्रश्न मोबाइलवर येतात. मला आधी ही कटकट वाटली. पण रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग यामागे आहे : पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर मधल्या काळात आठवून लिहायला लावलेले पुढे. आमच्या कामात आठवड्यानंतरचंच महत्त्वाचं असतं.

इथवर पाच तारे. आता बाकीचे.

निवेदन. मशीनचा आवाज वापरला. तोही एक वेळ चालला असता, पण ‘शिम’ला ‘शीम’ आणि प्रश्नार्थक वाक्याला विधानासारखा सूर! त्यात पडद्यावर लिहिलेलं वाक्यच शब्द न शब्द वाचून दाखवायचं. चित्र, आवाज आणि तोच मजकूर एकदम दिला तर शिकणं सुधारत नाही, बिघडतं, हे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून कधीचं दिसलंय. गंमत म्हणजे यांच्याच माहितीपत्रकात मेयर यांचं नाव ठळक अक्षरांत आहे. दिव्याखाली अंधार. सांगितल्यावर अर्ध्या भागांत सुधारणा केली, उरलेल्यांसाठी जादा पैसे मागितले.

उपशीर्षकं मात्र नीट आहेत, आणि अक्षरांचा रंग पार्श्वभूमीवर स्पष्ट उठतो. डब्ल्यूसीएजीच्या (वेबवरचा मजकूर सगळ्यांना वापरता यावा यासाठीच्या नियमांच्या) एए पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ असा फरक लागतो, तो त्यांनी तपासून दिला. कानाला इअरमफ लावून पंपघरात मोबाइल बघणाऱ्या माणसाला आवाजाचा उपयोगच नसतो, त्याची सगळी भिस्त उपशीर्षकांवर.

व्हिडिओ छोटे ठेवण्यावर त्यांचा फार कटाक्ष. आधार म्हणून २०१४ चा फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास दाखवतात. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरची जवळपास ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासून त्यांनी म्हटलं, की सहा मिनिटांपलीकडे लोक टिकत नाहीत. मान्य. पण ते स्वखुशीने विद्यापीठाचे अभ्यासक्रम घेणारे लोक. ज्याच्यासमोर उद्या सकाळी मोटर अलाइन करायचं काम आहे, तो पूर्ण क्रिया सलग बघतो. सॉफ्ट फूटचा व्हिडिओ त्यांनी तीन तुकड्यांत कापला आणि शिमचा हिशेब दोन तुकड्यांच्या मध्ये सापडला. मी तो पुन्हा जोडून घेतला.

एक छायाचित्र तर असं, की बघून मी खुर्चीतून उठलेच. चालू पंप, शेजारी हसरा तंत्रज्ञ, आणि कपलिंगवर, म्हणजे मोटर आणि पंपाच्या दांड्यांच्या फिरत्या जोडावर, गार्डच (संरक्षक झाकण) नाही! विकतच्या चित्रसंग्रहातून उचललेलं. सुरक्षिततेच्या पाठात फिरतं कपलिंग उघडं दाखवणं म्हणजे त्या पाठाचीच थट्टा. लगेच बदललं, पण ते माझ्या नजरेस पडलं म्हणून. त्यांच्या तपासणीत हे पकडणारं कुणी नाही. तेव्हा स्टोरीबोर्ड (पडद्यावर काय दिसणार याचा कागदी आराखडा) येईल तेव्हाच चित्रांसकट मागा आणि बारकाईने बघा. कागदावरची दुरुस्ती स्वस्त असते, तयार झालेल्या भागातली महाग.

आता काम ताब्यात देण्याबद्दल, जिथे माझं खरं डोकं फिरलं. कोर्स स्कॉर्म १.२ मध्ये दिला. स्कॉर्म म्हणजे कोर्स आणि तो चालवणारी ऑनलाइन प्रणाली यांना जोडणारं मानक. त्याची ही आवृत्ती २००१ ची, अजूनही सगळीकडे चालते, म्हणून बरेच जण तेच देतात. पण शिकणारा कुठवर आला, त्याने काय निवडलं, ही नोंद ठेवायला त्यात ४,०९६ अक्षरांचीच जागा असते. साध्या, ओळीने पुढे जाणाऱ्या कोर्सला पुरते. आमचा कोर्स फाटे फुटणारा, प्रत्येक निवड लक्षात ठेवणारा. लांबलचक प्रसंग अर्ध्यात सोडून दुसऱ्या दिवशी परत आलेली पोरं थेट पहिल्या पानावर! आधी आमच्या प्रणालीला दोष दिला गेला, मग इंटरनेटला. शेवटी आमच्याच एका मुलाने नोंद उघडून बघितली, तर ती मध्येच तुटलेली. स्कॉर्म २००४ च्या तिसऱ्या आवृत्तीत हीच जागा ६४,००० अक्षरांची आहे. त्यात काढून दिल्यावर प्रश्न मिटला. शिवाय त्यात ‘पूर्ण केलं’ आणि ‘उत्तीर्ण झाला’ या दोन वेगळ्या नोंदी राहतात, १.२ मध्ये दोन्ही एकाच रकान्यात कोंबलेल्या असतात. फाटे असलेला कोर्स बनवणाऱ्यांना हे पहिल्या दिवशी माहीत असायला हवं.

त्याहून मोठी गोष्ट मूळ फाइलींची. तुमच्या हाती पडते ती बनवून झालेली झिप. ती प्रणालीवर चढवता येते, पण तिच्यात एक वाक्य नीट बदलायचं म्हटलं तर मूळ फाइल लागते. सीलचा एक प्रकार बदलला, मजकूर सुधारायचा होता, तेव्हा कळलं की मूळ फाइली करारात नाहीत. मागितल्या, तर वेगळं दरपत्रक आलं. कायद्याने त्यांचं बरोबर असेल. पण ज्या कोर्समधलं ज्ञान आमच्या माणसांचं, त्यातला एक शब्द बदलायला दर वेळी त्यांचं दार ठोठवायचं, हे मला पटलेलं नाही.

दर आकारतात तयार कोर्सच्या मिनिटांवर. या धंद्यात ही रीत जुनी आहे, पण मुळात उलटी. सगळ्यात मोलाचं काम मुलाखतीचं आणि काटछाटीचं, आणि जितकं कापावं तितकं बिल कमी. यांनी तरी प्रामाणिकपणे कापलं. सगळेच कापतील असं नाही. जमलं तर मुलाखतींचा भाग वेगळ्या दराने ठरवून घ्या.

मूल्यमापनाच्या नावाखाली एक आवडलं-नावडलंची प्रश्नावली आणि शेवटची चाचणी मिळाली. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून ज्या चार पातळ्या सांगितल्या, त्यांतल्या पहिल्या दोन. माणूस कामावर वेगळं काही करतो का, आणि त्याचा परिणाम दिसतो का, या वरच्या दोन पातळ्या आम्हीच बघतोय. पर्यवेक्षकाला एक साधी तपासयादी दिलीय : काम सुरू करताना पोरगा आधी कुठल्या गेजकडे बघतो, कुठल्या झडपेला हात घालतो, गेजला टिचकी मारतो का. ही यादी सेवेनेच द्यायला हवी होती. त्यांच्याकडे मुलाखतींची टिपणं होती, तासाभराचं काम.

तरीही बेअरिंगवरचा पुढचा कोर्स त्यांच्याकडेच दिलाय. मुलाखत घ्यायला तीच मुलगी हवी, हे करारात नावानिशी लिहून घेतलं. मूळ फाइली आणि स्कॉर्म २००४ हेही लेखी आहे. निवेदन आमच्याच वर्कशॉपमधला एक फिटर करणार आहे. त्याचा आवाज थोडा खरखरीत आहे, पण ‘शिम’ तो बरोबर म्हणतो.